एक रुग्ण, एक नोंद : फॅमिली डॉक्टर आणि इस्पितळ यांच्यातील दुवा

गोव्यातील कोणत्याही मोठ्या इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जाऊन पाहावे. रांगेतील अनेकांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात जुने केसपेपर, रक्त-लघवीच्या तपासण्यांचे अहवाल, एक्स-रेची फिल्म, मागच्या खेपेचे डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या अर्ध्या संपलेल्या पट्ट्या असतात. ही पिशवी हाच त्या रुग्णाचा वैद्यकीय इतिहास. ती घरी विसरली, पावसात भिजली किंवा तिच्यातला एखादा कागद गहाळ झाला, तर समोरच्या डॉक्टरला पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

या पिशवीचा भार रुग्णाच्या हातून उतरावा यासाठी जगभर गेली पाच दशके प्रयत्न सुरू आहेत. त्यांची दोन अंगे आहेत. पहिले, गावातला किंवा वाड्यावरचा डॉक्टर आणि मोठे इस्पितळ यांच्यातील ठरवून केलेली भागीदारी. दुसरे, दोघांनाही रुग्णाच्या संमतीने पाहता येतील अशा सामायिक इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी. चर्चा बहुधा दुसऱ्या अंगाची होते, कारण संगणक डोळ्यांना दिसतो. अनुभव मात्र असा की पहिले अंग लंगडे असेल तर दुसरे चालत नाही.

संज्ञा कोणत्या?

एखाद्या इस्पितळाने किंवा दवाखान्याने स्वतःच्या संगणकात ठेवलेल्या रुग्णाच्या नोंदीला इलेक्ट्रॉनिक मेडिकल रेकॉर्ड म्हणतात. ती त्या संस्थेच्या भिंतीआड राहते. अशा अनेक ठिकाणच्या नोंदी एकमेकांशी जोडून रुग्णासोबत फिरू शकतील अशी व्यवस्था झाली की तिला इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड म्हणतात. पहिल्या प्रकारात इस्पितळाची सोय आहे, दुसऱ्या प्रकारात रुग्णाची.

विमा योजनेची नोंद ही या दोहोंपेक्षा वेगळी गोष्ट आहे. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना राबवली जाते. अशा योजनेखालील दाव्याच्या कागदपत्रांतून कोणत्या उपचाराचे किती पैसे झाले हे कळते. रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, घरी गेल्यावर कोणती गोळी थांबवायची आहे, हे कळण्यासाठी ती कागदपत्रे पुरेशी नसतात. कार्ड असणे आणि वैद्यकीय नोंद असणे, या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये.

गोव्याला याची निकड का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २० वर्षांवरील १ लाख १३ हजारांहून अधिक व्यक्तींची त्यासाठी तपासणी झाली होती. देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात होते : २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे किमान एक.

मधुमेह हा एका डॉक्टरचा आजार नव्हे. साखर पाहतो फॅमिली डॉक्टर, डोळ्यांचा पडदा पाहतो नेत्रतज्ज्ञ, लघवीतील प्रथिने वाढली की मूत्रपिंडतज्ज्ञ, छातीत दुखले की हृदयरोगतज्ज्ञ, पायाची जखम चिघळली की शल्यचिकित्सक. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या आजारात रुग्ण वाळपईचे आरोग्य केंद्र, फोंड्यातील एखादा खासगी दवाखाना, म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय अर्थात गोमेकॉ अशी फेरी मारत राहतो. प्रत्येक ठिकाणी त्याच्या आजाराचा एक तुकडा नोंदवला जातो. सगळे तुकडे एकत्र पाहणारा कोणी उरत नाही.

पूर्वी हे काम गावातला दोतोर करी. तीन पिढ्यांची दुखणी त्याच्या डोक्यात असत आणि बहुतेक उपचारही त्याच्याच हातून होत. आज उपचार अनेक हातांत विभागले गेले आहेत. एकाच्या स्मरणशक्तीवर आता भागत नाही.

दुवा तुटतो कुठे?

सर्वांत कच्चा दुवा म्हणजे इस्पितळातून घरी जाण्याचा दिवस. ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २००७ मध्ये या विषयावरील उपलब्ध अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. इस्पितळातील डॉक्टर आणि रुग्णाचा नेहमीचा डॉक्टर यांच्यात थेट बोलणे झाल्याचे प्रमाण केवळ ३ ते २० टक्के होते. घरी गेल्यानंतर रुग्ण पहिल्यांदा आपल्या डॉक्टरकडे गेला, तेव्हा डिस्चार्जचा सारांश त्या डॉक्टरपर्यंत पोहोचल्याचे प्रमाण १२ ते ३४ टक्के. चार आठवडे उलटल्यानंतरही ते ५१ ते ७७ टक्क्यांच्या पुढे गेले नव्हते. पैसा आणि संगणक यांची वाण नसलेल्या देशांतली ही स्थिती होती.

याचा परिणाम काय होतो ते एका कल्पित, पण कोणत्याही डॉक्टरला ओळखीच्या वाटणाऱ्या उदाहरणातून पाहता येईल. सत्तरीतील एका गृहस्थाला हृदयविकाराचा झटका येऊन स्टेंट बसवला गेला. रक्त गोठू नये म्हणून दोन गोळ्या सुरू झाल्या. स्टेंट नवा असताना त्या अचानक बंद केल्या तर तो गुठळीने बंद पडण्याचा धोका असतो. तीन महिन्यांनी दाढ दुखू लागली. दाढ काढताना रक्त थांबणार नाही, म्हणून ‘गोळ्या आठवडाभर बंद ठेवा’ असा सल्ला मिळाला. स्टेंट कधी बसला, गोळ्या किती काळ घ्यायच्या आहेत आणि प्रश्न पडला तर कोणाला फोन करायचा, हे लिहिलेले डिस्चार्ज कार्ड घरच्या कपाटात होते. येथे ज्ञान कोणाचेच कमी नव्हते. ते योग्य वेळी योग्य माणसासमोर नव्हते, एवढेच.

तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागणे हा दुसरा परिणाम. मागचा अहवाल सापडत नाही म्हणून तीच रक्ततपासणी आणि तेच सीटी स्कॅन नव्याने होते. त्यात खर्च होतो, रोजंदारी बुडते आणि निदानही लांबते.

भागीदारीत काय काय येते?

डॉक्टर आणि इस्पितळ यांची भागीदारी म्हणजे एकमेकांकडे रुग्ण पाठवण्याचा व्यवहार नव्हे. तिच्यात काही गोष्टी आधी ठरलेल्या असाव्या लागतात.

पहिली, जातानाची चिठ्ठी. रुग्ण का पाठवला, आजवर काय तपासले, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, हे चार मुद्दे तिच्यात असलेच पाहिजेत. ‘पुढील उपचारांसाठी’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी पुढच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही.

दुसरी, येतानाची चिठ्ठी. इस्पितळाने डिस्चार्जचा सारांश रुग्णाच्या हातात दिलाच पाहिजे; शिवाय तो ठरलेल्या मुदतीत त्याच्या नेहमीच्या डॉक्टरपर्यंत पोहोचवला पाहिजे. कोणते औषध नवे, कोणते बंद, कोणत्याची मात्रा बदलली आणि कोणत्या तपासणीचा अहवाल अजून यायचा आहे, हे त्यात स्पष्ट हवे.

तिसरी, जबाबदारीची वाटणी. पुढील तपासणी कोण करणार, साखर आणि रक्तदाब कोण पाहणार, कोणत्या लक्षणावर रुग्णाने थेट इस्पितळ गाठायचे, हे लेखी असावे. जी गोष्ट दोघांची असते ती बहुधा कोणाचीच नसते.

चौथी, बोलण्याची वाट. आरोग्य केंद्रातील डॉक्टरला शंका आली तर मोठ्या इस्पितळातील कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी विचारायचे, हे ठरलेले असावे.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी संगणक अनिवार्य नाही. संगणकाने त्या वेगवान होतात आणि हरवत नाहीत.

अशा भागीदारीचे एक उदाहरण गोव्यातच आहे. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यावरील ‘स्टेमी-गोवा’ प्रकल्पात आरोग्य केंद्रे आणि गोमेकॉ यांची साखळी बांधण्यात आली. छातीत दुखते म्हणून रुग्ण जवळच्या केंद्रात आला की तेथे ईसीजी काढला जातो आणि तो दुरूनच तज्ज्ञ वाचतात. गरज असल्यास रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच दिले जाते आणि रुग्णाला पुढील उपचारांसाठी गोमेकॉत हलवले जाते. येथे सामायिक झालेली नोंद म्हणजे ईसीजीचा एक कागद. पण तो कोणी काढायचा, कोणी वाचायचा, इंजेक्शन कोणी द्यायचे आणि पुढे काय, हे सारे आधी ठरलेले आहे. म्हणूनच तो कागद उपयोगी पडतो. झटक्याच्या पहिल्या तासांसाठी जे करता आले, ते मधुमेहाच्या वीस वर्षांसाठी करणे हे पुढचे काम आहे.

देशाची चौकट : आभा आणि डिजिटल मिशन

भारतात इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके केंद्र सरकारने प्रथम २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली. सहा केंद्रशासित प्रदेशांतील प्रयोगानंतर २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने ते देशभर लागू झाले. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण त्याचा कारभार पाहते.

या चौकटीचे मुख्य खांब तीन. रुग्णासाठी १४ अंकी ‘आभा’ क्रमांक, डॉक्टर आणि इतर आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही, आणि इस्पितळे, दवाखाने, प्रयोगशाळांची नोंदवही. कोणता रुग्ण, कोणता डॉक्टर, कोणती संस्था, हे तिन्ही ओळखता आले की नोंद कोणाची आणि कोठून आली याबद्दल संशय राहत नाही.

रुग्णाची सारी माहिती दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या संगणकात साठवली जाते, हा समज चुकीचा आहे. नोंद जेथे तयार झाली तेथेच ती राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती पाहायची असेल तर त्याच्याकडून विनंती जाते, रुग्णाच्या मोबाईलवर ती दिसते आणि त्याने मान्यता दिली तरच नोंद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या कालावधीतील आणि किती दिवसांसाठी दाखवायच्या, हे रुग्ण ठरवू शकतो. दिलेली संमती मागेही घेता येते. आभा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे.

इस्पितळांत दिसणारी क्यूआर कोडची सोय याच मिशनचा भाग. कोड स्कॅन केला की रुग्णाचे नाव, वय, पत्ता खिडकीवर पोहोचतो आणि केसपेपरची रांग कमी होते. मात्र ही केवळ दाराची घंटा आहे. आतल्या खोलीतली नोंद, म्हणजे निदान, औषधे, अहवाल, आभाशी जोडली गेली नाही तर रुग्णाची पिशवी तशीच राहते. आभा क्रमांक किती निघाले यापेक्षा किती डिस्चार्ज सारांश जोडले गेले आणि त्यांतले किती दुसऱ्या डॉक्टरने उघडून पाहिले, हा खरा निकष आहे.

जगाने काय शिकवले?

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात रीगनस्ट्रीफ संस्थेने १९७२ मध्ये संगणकीय रुग्णनोंदींचे काम सुरू केले. तेथील डॉ. क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांचा १९७६ मधील अभ्यास आजही उद्धृत केला जातो. एखादी तपासणी किंवा औषधबदल आवश्यक असताना संगणकाने आठवण करून दिली, तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी कृती केली. आठवण नव्हती तेव्हा २२ टक्के. डॉक्टर तेच, ज्ञान तेच. माणसाला एका वेळी सारे आठवत नाही, हा त्याचा अर्थ. स्थानिक डॉक्टरांसोबत वर्षानुवर्षे केलेल्या या कामातून पुढे त्या राज्यातील इस्पितळांची नोंद-देवाणघेवाण उभी राहिली.

ब्रिटनने उलटा मार्ग धरला. २००२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात वरून ठरवलेली संगणकप्रणाली साऱ्या इस्पितळांना द्यायची होती. अब्जावधी पौंड खर्ची पडल्यावर २०११ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळण्याचे सरकारने जाहीर केले. ज्यांनी प्रणाली वापरायची त्या डॉक्टरांना पुरेसे विश्वासात घेतले नाही, हा त्यावरील प्रमुख आक्षेप होता.

अमेरिकेने २००९ च्या कायद्यानंतर डॉक्टरांना आर्थिक प्रोत्साहन देऊन नोंदी संगणकावर आणल्या. त्यात यश आले, पण २०१६ मधील एका अभ्यासात दिसले की रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे सुमारे दोन तास संगणक आणि कागदपत्रांत जात होते. एस्टोनियात २००८ पासून राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणाली आहे. तेथे आपली नोंद कोणी पाहिली हे नागरिकाला स्वतः तपासता येते. या चारही अनुभवांतून दोन गोष्टी निघतात. डॉक्टरचा वेळ वाचला पाहिजे आणि रुग्णाचा विश्वास टिकला पाहिजे.

अडथळे

एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे टंकलेखनाला माणूस नसतो. सायंकाळी रांग लागलेली असताना प्रत्येक रुग्णामागे पाच मिनिटे संगणकाला देणे त्याला परवडत नाही. केंद्राने जानेवारी २०२३ पासून डिजिटल नोंदींसाठी प्रोत्साहन योजना सुरू केली आहे. तरी छोट्या दवाखान्याला पैशांइतकीच सोप्या प्रणालीची गरज असते. प्रारंभी डिस्चार्ज सारांश, औषधांची यादी आणि ॲलर्जी एवढ्याच गोष्टी जोडल्या तरी मोठा पल्ला गाठता येईल.

नावांचा घोळ हा दुसरा अडथळा. एकच आडनाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते, लग्नानंतर स्त्रियांचे नाव बदलते, आधार कार्डावर एक आणि जुन्या केसपेपरवर दुसरेच असते. एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होणे वाईट. दोन व्यक्तींची एक नोंद होणे धोक्याचे.

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न गोपनीयतेचा. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. मानसिक आरोग्य आणि एचआयव्ही यांसंबंधीच्या २०१७ च्या कायद्यांनी गोपनीयतेचा हक्क त्याआधीच दिला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर झालेल्या सायबर हल्ल्यानंतर तेथील कामकाज कित्येक दिवस हाताने चालवावे लागले. मात्र छोट्या राज्यात दूरच्या चोरापेक्षा जवळच्या ओळखीची भीती अधिक असते. खिडकीवर बसलेला कर्मचारी शेजारचा निघतो, प्रयोगशाळेत नात्यातले कोणी असते. मनोविकाराचा किंवा गर्भपाताचा उपचार घेणारी व्यक्ती याच भीतीने तालुका सोडून दूर जाते. कोणत्या कर्मचाऱ्याला काय दिसावे याची मर्यादा आणि कोणी काय पाहिले याची नोंद, या दोन गोष्टींवाचून सामायिक नोंदीवर लोकांचा विश्वास बसणार नाही. वृद्धांच्या बाबतीत ओटीपी मुलाच्या किंवा नातवाच्या मोबाईलवर जातो. तेव्हा संमती नेमकी कोणाची, हाही प्रश्न उरतो.

सीमेपलीकडचे रुग्ण

सावंतवाडी, दोडामार्ग भागातील रुग्ण उपचारांसाठी बांबोळीला येतात. गोव्यातील अनेकजण चोर्ला घाट चढून बेळगावला जातात. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने योजना आणि शुल्काचे नियम सीमेवर बदलतात. आजार बदलत नाही. केवळ एका राज्यापुरती प्रणाली या रुग्णांना उपयोगाची नाही. समान मानकांवर आधारलेली राष्ट्रीय चौकट येथे खऱ्या अर्थाने कामी येऊ शकते, पण त्यासाठी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी नोंदी जोडायला हव्यात.

रुग्णाने आजच काय करावे?

वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. हा हक्क मागून घ्यावा. इस्पितळातून निघताना डिस्चार्ज सारांश स्वतः वाचावा. औषधांतला बदल कळला नाही तर तेथेच विचारावे. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तो फॅमिली डॉक्टरला दाखवावा. चालू औषधांची नावे, मात्रा आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावी आणि तिचे छायाचित्र मोबाईलमध्ये असू द्यावे. दंतवैद्यासह प्रत्येक नव्या डॉक्टरला ती यादी आधी दाखवावी. आभा क्रमांक काढला असेल तर त्याचा तपशील आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती देऊ नये, आणि संमती देताना कालावधी पाहून द्यावी.

यंत्रणा उभी राहील तेव्हा राहील. तोवर इस्पितळाने चार ओळी नीट लिहिल्या, फॅमिली डॉक्टरने त्या वाचल्या आणि शंका आल्यास फोन उचलला, तर सत्तरीतल्या त्या गृहस्थाची गोळी बंद होणार नाही. सामायिक आरोग्य नोंद म्हणजे या चार ओळी न हरवण्याची तजवीज; त्या लिहिण्याचे आणि वाचण्याचे काम डॉक्टरांनाच करायचे आहे.